भारतीय बचाव



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी विषयही सुचविला होता. उपनगरांतील कामगार चळवळीवर आम्ही बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. विषय आमच्या धंद्याचा खरा. परंतु त्या विषयावर गेटसभांतून आम्ही इतके बोललो आहोत, की समोर फाटक नसले तर आम्हांला तो सुचतच नाही. म्हणून त्यांची परवानगी घेऊन आज बुद्धिबळाच्या एका डावाविषयी, आणि तो डाव ज्या सुरुवातीने झाला त्या सुरुवातीविषयी सांगण्याचे ठरविले आहे. चळवळ त्यात येईलच. ती आम्हांला टाळता येत नाही.

आमची योग्यता आधीच सांगून टाकतो. आम्ही दहावी झालेले, त्यानंतर आय.टी.आय.चे फिटर. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात, लोकलमध्ये आणि औद्योगिक न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर झाले. बुद्धिबळातही आमच्या नावापुढे कोणतीही पदवी नाही. तेव्हा जाणकारांनी चुका मनात ठेवाव्यात आणि सभा संपल्यावर खुशाल कान धरावा.

1987 साली आम्ही भांडुपच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. त्या काळी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची रांग होती. सकाळी सातच्या भोंग्याला रस्ता माणसांनी भरून जाई. आज त्याच जागी मनोरे आहेत आणि मॉल आहेत. तर त्या कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. दहा मिनिटांत डबा आणि वीस मिनिटांत बुद्धिबळ. डाव वीस मिनिटांत संपत नसे. मग पट तसाच उचलून टूलरूमच्या कपाटावर ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी तेथून पुढे चालू. एखादा डाव सोमवारी सुरू होऊन शनिवारी संपे, आणि मधल्या पाच दिवसांत सगळे खाते आपापला सल्ला देऊन मोकळे होई.

पट म्हणजे पत्र्याचा तुकडा, त्यावर स्क्रायबरने ओढलेल्या रेघा. प्यादी म्हणजे षट्कोनी नट, हत्ती म्हणजे पितळी बुश, उंट म्हणजे निमुळत्या पिना, राजा म्हणजे जुना स्पार्क प्लग. काळ्या बाजूची सोंगटी ऑइलमध्ये बुडवून तापवून काळी केलेली. असला पट आम्ही नंतर कोठे पाहिला नाही.

आमचे गुरू खात्यातले एक वयस्कर टर्नर, मिरजेकडचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा लहानपणी गावच्या देवळात बुद्धिबळ शिकले होते, आणि ते देशी पद्धतीचे. आपल्यापैकी साठीपुढच्या काहींना ती पद्धत आठवत असेल. तीत प्यादे पहिल्या खेपेलासुद्धा एकच घर चाले. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीचे मोहरे होई. हवा तो वजीर मिळे असे नाही. राजा एकटा उरला तर ती मात नव्हे, बुर्जी. आणि प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. अण्णा आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागले होते, पण सवय जाईना. राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर, वजिरापुढचे प्यादे एक घर, अशी त्यांची सुरुवात. समोरचा दोन-दोन घरे प्यादी ढकलून पटाचा मध्य बळकावी आणि अण्णा आपल्या अंगणात बसून पाहत. आम्हां तरुणांना हे भित्रेपणाचे वाटे. आम्ही एकदा तसे बोलूनही दाखविले. ते म्हणाले, "पोरा, मध्य त्याला घेऊ दे. घेतल्यावर तो राखावा लागतो."

ह्या सुरुवातीला जगात 'भारतीय बचाव' म्हणतात, हे आम्हांला पुढे कित्येक वर्षांनी, मुलुंडच्या एका वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक शब्दकोशाच्या आधाराने वाचताना कळले. अण्णांना तर शेवटपर्यंत कळले नसावे.

तर आता थोडे त्या नावाविषयी.

आपल्या मुंबईतच 1814 साली बुद्धिबळावरचे एक पुस्तक इंग्रजीत छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचे ते भाषांतर. युरोपीय खेळाला जुळेल अशा रीतीने त्यात नाना स्थिती मांडून दाखविल्या होत्या. म्हणजे आपल्याकडे खेळ होता, खेळाचे शास्त्र होते आणि ते परक्यांना शिकवण्याची उमेदही होती. पण डाव लिहून ठेवण्याची रीत नव्हती. पाराखाली झालेला डाव पाराखालीच राही. चाली कागदावर उतरवणारा कोणी भेटला तरच तो उरे, आणि असा एक माणूस कलकत्त्यास भेटला.

जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर, कलकत्त्यात वकिली करणारा, आणि त्याच्या काळातील नामांकित खेळाडू. त्याच्या जोडीचा खेळाडू तेथे त्याला मिळेना. मग कोणी सांगितले, की आत खेड्यात एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कोणाकडून हरलेला नाही. त्याचे नाव महेशचंद्र बंद्योपाध्याय. त्याला कलकत्त्यास आणले, पटावर बसविले, आणि पुढे अनेक वर्षे हे दोघे खेळत राहिले. त्यांचे शेकडो डाव लिहिलेले आहेत. महेशचंद्र देशी नियमांत वाढलेला. त्याची प्यादी एकेक घर सरकत. राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे आले की त्याच्या मागच्या रिकाम्या घरात उंट बसतो, आणि तेथून त्याची नजर पटाच्या एका कोपऱ्यापासून थेट दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाते. कॉक्रेनच्या देशात ह्या मांडणीला कोणी फारसे मोजत नव्हते. तेथले शास्त्र असे, की राजापुढचे प्यादे दोन घरे, तुमचेही दोन घरे, आणि मध्यासाठी तेथल्या तेथे झोंबाझोंबी.

1855 सालच्या मे महिन्यातला एक डाव आम्ही मुद्दाम सांगतो. कॉक्रेन पांढरा, महेशचंद्र काळा. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालविले. काळ्याने राजाचा घोडा काढला. पांढऱ्याने वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे. काळ्याने राजाच्या घोड्यापुढचे एक घर. पांढऱ्याचा दुसरा घोडा बाहेर आला, आणि आता तिसऱ्याच चालीला काळ्याने वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे पुढे टाकले, म्हणजे पांढऱ्याच्या मध्यावर सरळ चाल करून गेला. दबा धरून बसायचे आणि नेमक्या क्षणी उठायचे. नंतर प्याद्यांची आणि घोड्यांची मारामारी झाली, दोन्ही राजे किल्लेकोटात गेले, काळ्याचा तो कोपऱ्यातला उंट लांबून दाब देऊ लागला. डाव बरोबरीचा होता, कदाचित काळ्याकडे थोडा झुकलेलाही असेल.

सतराव्या चालीला कॉक्रेनने घोडा काळ्या राजाच्या उंबरठ्यावर आणला. महेशचंद्राने पलीकडे पांढऱ्याचा उंट मारला. कॉक्रेनने तो उंट परत घेतलाच नाही. घोड्याने राजाच्या उंटापुढचे प्यादे खाल्ले. आता महेशचंद्राने आपला घोडा कडेला नेऊन पांढऱ्या वजिराला धाक घातला, आणि तेथेच संपले. पांढऱ्या घोड्याचा आणि वजिराचा एकदम दुहेरी शह, राजा कोपऱ्यात. मग वजीर राजाला चिकटून मरायला उभा. हत्तीने त्याला मारणे भाग, आणि त्या हत्तीने राजाची शेवटची वाट अडवली. घोड्याने उडी घेऊन मात. आपल्याच माणसांनी वेढलेला राजा, आणि समोर एकटा घोडा.

म्हणजे पहा, ही सुरुवात जगात प्रथम लिहिली गेली ती हरलेल्या डावात. त्यानंतर 67 वर्षांनी, 1922 साली, एर्न्स्ट ग्रुनफेल्ड या व्हिएन्नाच्या खेळाडूने तीच तिसरी चाल मोठ्या स्पर्धांत खेळून दाखविली आणि त्या सुरुवातीला त्याचे नाव मिळाले. ग्रुनफेल्डचा यात दोष नाही. त्याने ती स्वतःच्या अकलेने बसविली असेल. कारखान्यातही जिग बसवतो एक आणि सुधारणेच्या बक्षिसाचे पाकीट घेतो दुसरा, हे आम्ही पाहिले आहे. दर वेळी लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा एवढेच असते, की पहिल्याचे नाव कोणी वहीत लिहिलेले नसते.

आणखी एक माणूस सांगून पुढे जातो. सुलतान खान हा पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या पदरचा नोकर. देशी नियमांत तरबेज. युरोपीय नियम तो 1926 च्या सुमारास शिकला, आणि 1929 साली मालकाबरोबर विलायतेस गेला तो ब्रिटनचा विजेता झाला. 1932 आणि 1933 सालीही तोच विजेता. 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याची गाठ कापाब्लांकाशी पडली. हा माजी जगज्जेता, त्याच्या हातून डाव हरणे जवळजवळ ऐकिवात नसे. गंमत अशी, की ह्या डावात काळी मोहरी कापाब्लांकाची होती आणि 'भारतीय' बचाव तोच खेळत होता. भारतीयाने तो बचाव सावकाश, चाल चाल करून मोडून काढला आणि 65 चालींत डाव जिंकला. त्याच घरातली फातिमा नावाची एक सेविका 1933 साली ब्रिटनच्या महिलांची विजेती झाली. मालक हिंदुस्थानास परतले, नोकरही परतले, आणि सुलतान खानचे स्पर्धांतले बुद्धिबळ तेथे संपले. तो 1966 साली वारला. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते 2024 साली. थकबाकी उशिरा मिळते हे आम्हांला ठाऊक आहे. पण इतकी उशिरा मिळालेली आमच्या पाहण्यात नाही.

ह्या दोघांच्या बाबतीत पटावर बसायला मिळणे हे कोणाच्या तरी मर्जीवर होते. आमच्या मुंबईत हा प्रश्न एकदा हक्काचा म्हणून उभा राहिला, आणि तो उभा केला एका तेरा वर्षांच्या मुलीने. खाडिलकर भगिनींची नावे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. 'नवाकाळ'कार खाडिलकरांच्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी. 1974 साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तिची पहिली विजेती वासंती. 1976 साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळायला बसली. तोवर असे कोणी केले नव्हते. गदारोळ उडाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. युवे हे स्वतः माजी जगज्जेते. पुढे 1981 साली रोहिणी आशियाची विजेती झाली. आमच्या खात्यात 'नवाकाळ' पाळीपाळीने वाचला जाई, आणि अण्णा ही हकीकत अशी सांगत की जणू ते त्या कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. सांगून झाले की म्हणत, "आधी बसायला जागा. चाली मागाहून."

आज मुंबईचे प्रवीण ठिपसे, नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख ही नावे शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत. 2024 च्या एप्रिलमध्ये टोरांटोला विदितने नाकामुरासारख्या खेळाडूला काळी मोहरी घेऊन हरविले. 2025 च्या जुलैत दिव्याने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही एकोणिसाव्या वर्षी. आमच्या वेळी असे काही असते तर अण्णांनी मशीन बंद करून पेढे वाटले असते. असो.

आता आमचा डाव.

1995 च्या दिवाळीनंतर आमच्या कारखान्याला टाळे लागले. फाटकासमोर ताडपत्रीचा मांडव पडला. आम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे, आणि युनिटचे सेक्रेटरी. एवढ्या लहान वयात सेक्रेटरी होण्याचे कारण एवढेच, की आम्हांला अर्ज लिहिता येत असे. 212 माणसे होती. पहिले दोन महिने घोषणा झाल्या, मग पत्ते आले, मग भजन, आणि अखेर टूलरूमच्या कपाटावरचा तो पत्र्याचा पट कोणीतरी आधीच बाहेर आणलेला होता तो निघाला. दिवसभर मांडवात बुद्धिबळ. आमचा खेळ त्या तीन-चार महिन्यांत जितका सुधारला तितका नंतर कधी सुधारला नाही. बेकारीने माणूस काही तरी शिकतोच.

1996 च्या फेब्रुवारीत घाटकोपरला कारखान्यांतल्या कामगार-कर्मचाऱ्यांची एक स्पर्धा झाली. मांडवातल्या लोकांनी वर्गणी काढून आमची प्रवेश फी भरली. दोन-दोन रुपये. पाच फेऱ्या झाल्या, आम्ही साडेचार गुणांवर, आणि सहाव्या, शेवटच्या फेरीची जोडी भिंतीवर लागली ती पाहून आमच्याबरोबर आलेले लोक हसायलाच लागले. समोर आमच्याच कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर. टाळ्याची नोटीस ज्यांच्या सहीने लागली तेच. पुढच्या मंगळवारी त्यांच्याशीच वाटाघाटीची बैठक ठरलेली होती. त्यांनी हात पुढे केला, आम्ही मिळविला. म्हणाले, "इथे तरी घड्याळ दोघांना सारखं आहे." माणूस वाईट नव्हता. हे आम्हांला आज म्हणता येते; तेव्हा म्हणता आले नसते.

त्यांना पांढरी मोहरी. वजिरापुढचे प्यादे दोन घरे. आम्ही अण्णांचे शिष्य. घोडा बाहेर, घोड्यापुढचे प्यादे एक घर, उंट कोपऱ्याजवळ, वजिरापुढचे प्यादे एक घर, किल्लेकोट. त्यांनी तीन प्यादी एका रांगेत उभी करून मध्य घेतला. मग आम्ही राजापुढचे प्यादे दोन घरे चालवून ठोसा दिला, आणि त्यांनी आपले वजिरापुढचे प्यादे पुढे दाबून मध्य बंद केला. ह्या मांडणीला अर्जेंटिनातील मार देल प्लाता या गावाचे नाव आहे. 1953 साली तेथे झालेल्या स्पर्धेमुळे ते पडले. आम्हांला तेव्हा हे काही ठाऊक नव्हते. पण तिचा स्वभाव ठाऊक होता, कारण मांडवात ती शंभर वेळा झाली होती. मध्य बंद झाला की पटाचे दोन भाग होतात. पांढरा वजिराच्या बाजूने येतो. तेथे त्याला जागा जास्त, आणि तो प्यादी, घरे, पट्ट्या एकेक करून जिंकत जातो. काळ्याला तिकडे वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. त्याने आपल्या राजापुढची सगळी प्यादी सोडायची आणि पांढऱ्या राजावर धावून जायचे. पांढरा चुकला तर त्याला मात होते. काळा एक चाल उशिरा पोचला तर त्याच्याजवळ काहीच राहत नाही, कारण घर तो उघडे टाकून आलेला असतो. मधली वाट नाही.

बाविसाव्या चालीपर्यंत त्यांचे दोन्ही हत्ती वजिराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत एकामागे एक उभे राहिले होते. आमचे घोडे आणि दोन प्यादी त्यांच्या राजाच्या दारात. त्यांनी चाल केली, घड्याळ दाबण्यापूर्वी वर पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बरोबरी?"

बरोबरी घेतली असती तर पाच गुण होत होते. पहिल्या तिघांत बहुधा नाव लागत होते. आम्ही मागे पाहिले. मांडवातले आठ-दहा जण भिंतीला टेकून उभे होते. बोलायला बंदी होती, कोणी बोलले नाही. पण त्यांचे चेहरे आम्ही पाहिले. आम्ही मान हलवून नकार दिला, आणि घोड्याच्या पट्टीतले प्यादे पुढे ढकलून मरायला दिले.

ते त्यांनी मारले नाही. हत्तीच्या पट्टीतले प्यादे एक घर सरकवून राजासाठी जागा केली. मग आमचा उंट गेला. मूळ घरातून एकदाही न हललेला उंट, जवळजवळ सबंध पट ओलांडून त्या प्याद्यावर पडला आणि मारला गेला. त्याच्या मागून त्याच वाटेने वजीर. साहेबांनी अठरा मिनिटे विचार केला. मग हत्ती परत आणायला घेतला. तो एक घर उशिरा पोचला. एकतिसाव्या चालीला त्यांनी राजा आडवा केला.

आम्हांला खांद्यावर घेतले नाही एवढेच. घाटकोपर स्टेशनपर्यंत मिरवणूक झाली. आम्ही स्पर्धेत दुसरे आलो. दीडशे रुपये मिळाले, त्यांचे वडे आणि चहा झाला. त्या रात्री मांडवात डाव पुन्हा पुन्हा मांडून दाखविला. अण्णा पाहत होते. बरोबरीच्या जागी आले तेव्हा त्यांनी हाताने थांबविले आणि पट बराच वेळ पाहिला. म्हणाले, "इथे मी घेतली असती." लोकांनी त्यांना हसून उडविले. आम्हीही हसलो.

मंगळवारी बैठक झाली. साहेबांनी कंपनीची तयारी सांगितली. सेवेच्या दर वर्षाला पंचेचाळीस दिवसांचा पगार, आणि साठ माणसांना कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात, महाराष्ट्रातच, आहे त्या पगारावर काम. आमची मागणी 212 च्या 212 ना काम, अशी. साठावरून ते थोडे वर सरकतील असे दिसत होते, सत्तर, पंच्याहत्तर. सह्या झाल्या तर पैसे होळीपूर्वी.

आमच्याबरोबर कमिटीचे चार जण होते. ते आमच्याकडे पाहत होते, आणि आम्ही टेबलापलीकडच्या माणसाकडे पाहत होतो. चारच दिवसांपूर्वी त्याच्याच तोंडून 'बरोबरी' हा शब्द आम्ही ऐकला होता आणि नाकारला होता. आम्हांला असे वाटले, नव्हे, आम्हांला खात्रीच झाली, की हा माणूस घाबरला म्हणजे बरोबरी मागतो. आम्ही उठलो. मांडवात येऊन भाषण केले. त्या भाषणाला टाळ्या पडल्या. ते भाषण आम्हांला आजही पाठ आहे, पण ते येथे म्हणून दाखविणार नाही.

नंतर चौदा महिने गेले. कंपनीने यंत्रे हलविण्याची परवानगी मिळविली. पर्सोनेल ऑफिसर बदलले; नवे आले ते बुद्धिबळ खेळत नव्हते आणि बोलतही नव्हते. 1997 च्या उन्हाळ्यात सह्या झाल्या त्या वर्षाला तीस दिवसांवर. काम कोणालाच नाही. त्या साठ-पंच्याहत्तर जागा दुसऱ्या कारखान्यात नव्या मुलांनी भरल्या होत्या, कंत्राटावर.

अण्णांची नोकरी सव्वीस वर्षांची होती. हिशेब कोणीही करावा. वर्षामागे पंधरा दिवस म्हणजे 390 दिवसांचा पगार, एका माणसाचा. मिरजेस जाताना ते आमच्याकडे आले होते. पट देऊन गेले. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, हे आम्हांला बोलण्यापेक्षा जड गेले.

आम्हांला पुष्कळ मित्रांनी समजावले आहे, की तेव्हाची हवाच तशी होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसे त्यात होती. त्यांच्या पुढे आमच्या 212 ची कथा ती काय? उपनगरांतले कारखाने जायचेच होते, जमिनीचे भाव त्यांना राहू देणार नव्हते, सेक्रेटरी कोणीही असता तरी शेवट हाच होता. हे खरे असेल. शेवट हाच असता. पण तीस आणि पंचेचाळीस ह्यांत जो फरक आहे तो हवेने केला नाही.

नंतर आम्ही युनियनचे पूर्ण वेळ काम पत्करले. गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत कंत्राटी सफाईवाले, सुरक्षारक्षक, छोट्या गाळ्यांतले कामगार, ह्यांचे कित्येक करार आमच्या सहीने झाले. त्यांत पंचेचाळीस मागून चाळीसवर उठलेले आहेत, आणि काही जागी बत्तिसावरसुद्धा. तरुण कार्यकर्ते त्यावरून आमच्याशी भांडतात. एकाने आम्हांला तोंडावर विचारले, की तुम्ही थकलात का? आम्ही त्याला हा डाव सांगितला नाही. आज प्रथमच तो चारचौघांत सांगत आहो.

डावाची एक गोष्ट राहिली. 2019 च्या पावसाळ्यात मुलुंड स्टेशनवर, गाड्या बंद पडल्या होत्या, फलाट भरलेला, आणि बाकावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहत होते. आम्ही ओळखले नाही, त्यांनी ओळखले. ते निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती. आम्ही शेजारी बसलो. प्रकृतीची, मुलांची चौकशी झाली. कारखान्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. मग ते म्हणाले, "तुम्ही तो उंट टाकलात ना, त्याला उत्तर होतं."

आम्ही म्हटले, "असेल."

"असेल नाही. होतं." त्यांनी छत्रीच्या टोकाने ओल्या फरशीवर चौकटी दाखविल्या. "उंट मारायचाच नाही. राजा एक घर कोपऱ्यात. मग तुमच्याजवळ काही उरत नाही. माझे हत्ती आत येतात. मला त्याच रात्री सापडलं, घरी गेल्यावर. मंगळवारी तुम्हांला सांगणार होतो, चहाच्या वेळी. पण तुम्ही चहाला थांबला नाहीत."

तेवढ्यात ठाण्याची गाडी आल्याची घोषणा झाली आणि ते गर्दीबरोबर उठले. आम्हांला उलट्या दिशेला जायचे होते. रात्री घरी आल्यावर आम्ही अण्णांचा पत्र्याचा पट काढला, नट आणि पिना मांडल्या, आणि बाविसाव्या चालीपासून तो डाव पुन्हा चालवून पाहिला. उंट मारला नाही. राजा एक घर कोपऱ्यात घेतला. पहाटेपर्यंत काळ्याकडून काय काय करता येते ते सगळे करून पाहिले.

त्यांचे बरोबर होते.